साडेसहाचं शीड

आत्या, तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल फार गोड बोलायला लागलेत. तेराव्याच्या पंगतीत माणसं म्हणत होती, किती शांत बाई होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी वाढत होते. हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवावं आणि विचारावं असं वाटलं, की तुम्ही नक्की कुणाच्या तेराव्याला आलात? मला असं गोड बोलणं जमायचं नाही. तू असताना मी तुझ्याशी भांडत होते आणि आपलं भांडण अर्धंच राहिलंय. तेच पुरं करायला बसलेय.

दुसरी गोष्ट, ती आधी निकालात काढते. गावात बोललं जातंय की पाण्याने तुला नेलं. साठीला आलेली बाई, ह्या वयात खाडीत दरवाज्यावर उभी राहून वाऱ्याशी खेळायची, हृदय किती सोसणार? माझे बाबा, म्हणजे तुझा सख्खा भाऊ, तेसुद्धा मान हलवत होते. मी सगळ्यांना सांगितलं आणि इथे परत लिहून ठेवते. तू गेलीस दुपारी, जेवण झाल्यावर, शिलाई मशीनवर बसलेली असताना. लग्नाच्या मांडवाच्या कापडाला झालर लावत होतीस. कापड कोरडं होतं आणि तूही कोरडी होतीस. खाडी ओहोटीला लागून पार लांब गेली होती. तिचा यात काही संबंध नाही.

दरवाजा हे तुझ्या फळीला गावानेच ठेवलेलं नाव. कोलाडच्या बाजूला पर्यटकांचा एक कॅम्प होता, तिथले तंबू उसवले म्हणून तुला शिवायला बोलावलं होतं. कॅम्प बंद व्हायच्या बेतात होता आणि विंडसर्फिंगचं सामान भंगारात निघालं होतं. तू तंबूंची शिवण उरकलीस आणि दोन बोर्ड, दोन शिडं, काठ्या, दोर असं सगळं टेम्पोत घालून पेणला, खाडीकाठच्या आपल्या गावात घेऊन आलीस. बोर्ड म्हणजे एक लांबट फळी. तिच्यावर काठी, काठीला शीड, शिडाला आडवा दांडा. त्या दांड्याला धरून फळीवर उभं राहायचं. बसायला जागा नाही, सुकाणू नाही. निलेशदादा, तुझा मुलगा, गणपतीच्या कारखान्यातून मातीचे हात पुसत बाहेर आला नि म्हणाला, "आई, हे काय उचलून आनलंस?"

"मचवा हाय," तू म्हणालीस. "बिनबुडाचा."

तुझ्या डोक्यात आजोबांचा मचवा होता. मिठागरातलं मीठ भरून तो खाडीतून निघायचा तेव्हा शिडाचा दोर तुझ्या हातात असायचा, कारण बाबा तेव्हा पाळण्यात होते. मग रस्ते झाले, ट्रक आले, मचवा किनाऱ्यावर कुजला आणि तू मांडवाची कापडं शिवायला बसलीस. वाऱ्याशी तुझं काहीतरी बाकी राहिलं होतं. ते मला तेव्हा कळलं नाही. मी रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट करणारी. सुट्टीला गाडी पकडून निडी, कासू मागे टाकत पेणला उतरले, ती तुझी गंमत बघायला. बांधावर उघाडीशेजारी, खाडीचं पाणी आतबाहेर सोडायच्या दाराजवळ, तू मामांची जुनी फुलपँट घालून उभी होतीस. मामा, तुझे मालक, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पँट कंबरेला सुतळीने बांधली होतीस. तू पाण्यात पडलीस, चढलीस, पडलीस, चढलीस. सगळा गाव हसत होता. पडून वर आलीस की तू गावाकडे बघून त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचीस. संध्याकाळपर्यंत मीही पाण्यात होते.

आता आपलं भांडण. दोन शिडं होती, एक साडेसहाचं आणि एक पाचाचं, म्हणजे तेवढे चौरस मीटर. साडेसहाच्या आत काठीला लागून प्लास्टिकच्या कमानी होत्या, त्यामुळे वारा नसतानाही ते फुगून उभं राहायचं. सरळ रेषेत पळायला झकास, पण वळवायला गेलं की अडून बसणारं. पाचाचं हलकं, हातात मऊ, मनगट फिरवलं की फिरणारं. बोर्डही तसेच दोन. तुझा रुंद आणि जाडा, माझा आखूड आणि अरुंद. तू ऐंशी किलोची, मी पन्नासची. तुझ्या बोर्डाला तुझं शीड, माझ्या बोर्डाला माझं. यात भांडण्यासारखं काय होतं, सांग बरं? पण तू ऐकशील तर शपथ.

"वारा पोटात घ्यावा गो, पोटात! चिमटीत धरून काय व्हतंय?"

तुला सरळ जायला आवडायचं. इथून निघायचं ते समोरच्या तिवरांपर्यंत, नाकासमोर. तिथे पोचलं की शीड पाण्यात टाकायचं, स्वतः उतरायचं, कंबरभर पाण्यात बोर्ड हाताने फिरवायचा आणि पुन्हा चढून परत यायचं. म्हशीला गोठ्यात फिरवतात तसा तू बोर्ड फिरवायचीस. वळायला शीक म्हटलं तर म्हणायचीस, मला वळायचंच नाय. मला मात्र वळणंच हवी होती. वाऱ्याकडे पाठ करून शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला टाकायचं, पाय बदलायचे आणि न थांबता परत फिरायचं, यात जी मजा आहे ती सरळ जाण्यात नाही. त्याला लहान शीड लागतं. माझ्या अरुंद बोर्डावर साडेसहाचं चढवलं की दांड्याचं टोक पाण्यात घुसायचं, बोर्ड कलंडायचा, आणि पडलेलं ओलं शीड दोराने वर ओढता ओढता माझे खांदे निखळायची वेळ यायची.

तुझी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील पोरगी लबाड आहे. वारा मंद असेल त्या दिवशी तू माझ्या शेजारून सळसळत निघून जायचीस आणि मी भर खाडीत बगळ्यासारखी उभी. जाताना मुद्दाम हात हलवायचीस. पण मे महिन्यात दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला, तिवरं वाकायला लागली, की साडेसहाचं तुलाही आवरायचं नाही. मग तू बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा खायचीस आणि मी पाचाच्या शिडावर खाडीभर फिरायचे. तेव्हा मी हात हलवायचे. तू शेंगांकडे बघायचीस. ह्यातलं एवढंसं तरी कधी कबूल केलंस?

आणि ती गोणी. ती मी जन्मात विसरणार नाही. एक दिवस तू मोठा शोध लावल्यासारखी आलीस. "तुझा मचवा रिकामा हाय," म्हणालीस. "रिकाम्याला मोठं शीड लावलं तर आडवा पडनारच. आपन भर घालूया." म्हणजे लहान शीड घ्यायचं नाही, पण बाईला जड करायचं! मिठागरातून तू मिठाची गोणी आणलीस, माझ्या बोर्डावर काठीच्या पुढे दोराने आवळलीस आणि साडेसहाचं शीड माझ्या हातात दिलंस. खरं सांगते, अर्ध्या खाडीपर्यंत मी राणीसारखी गेले. बोर्ड जराही डुलत नव्हता, शीड ओढत होतं, मी मागे रेलून उभी होते आणि मनात म्हणत होते, म्हातारीचं खरं निघालं बहुतेक. लाटांचं पाणी गोणीवर येत होतं. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या मीठ वाहिलं, त्या घरातल्या दोन बायका, आणि दोघींच्या डोक्यात आलं नाही की मीठ विरघळतं. तिवरं जवळ आली तेव्हा गोणी निम्मी झाली होती. वाऱ्याचा एक झोत आला आणि मी शिडावरून पलीकडे, थेट चिखलात. तू बांधावरून हात नाचवत ओरडत होतीस. मला वाटलं, लागलं का विचारतेयस. जवळ आल्यावर ऐकू आलं.

"एवढा येळ लावतात काय गो! मीठ थांबतंय काय?"

मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. पण लॅबमध्ये मिठाचं द्रावण ढवळताना एकदम हसू फुटलं आणि शेजारच्या मॅडमनी विचारलं, काय झालं? काय सांगणार होते मी त्यांना?

तुझं शीड एकदा उघाडीच्या लोखंडी दारावर फाटलं, मागच्या कडेला, हातभर. तू त्याला ठिगळ लावलंस ते मांडवाच्या कापडाचं, भगवं, सोनेरी झालरीसकट. शिडाला झालर! मी खूप चिडवलं तुला. लग्नाची वरात निघालीय म्हटलं. तू म्हणालीस, मजबूत हाय ना, मंग? आणि ते खरंच मजबूत होतं. दुहेरी शिवण, वर पुन्हा वाकडी शिवण. त्यानंतर बाकीचं शीड जागोजागी उसवलं, पण ते ठिगळ नाही.

ह्या हिवाळ्यात तुझा बोर्ड काठीच्या बुडाशी तडकला आणि पाणी पिऊन बसला. आता वहिनी त्यावर गणपतींचे हात वाळत घालते. मग माझं पाचाचं शीड गेलं. उन्हाने प्लास्टिक पिवळं पडून काचेसारखं तडतडत फुटलं, ठिगळ लावायलाही जागा उरली नाही. राहिलं काय, तर माझा बोर्ड आणि तुझं शीड. तुला तर उकळ्या फुटल्या. देवानेच निकाल दिला असं तुझं म्हणणं. शेवटच्या भेटीत, तुझ्या पडवीत, चहा गार होईपर्यंत आपलं त्यावरून वाजत होतं.

"एकदा लावून तर बघ."

"नाही लावणार."

"मंग मी मेल्यावर लावशील."

"तेव्हाही नाही लावणार."

तू हसलीस आणि कप उचलून आत गेलीस. पुढच्या सुट्टीला मी आले ती तुला पोचवायलाच. लोक म्हणतात, शेवटचं बोलणं असं झालं, तुला रुखरुख लागत असेल. नाही लागत. तू मला मऊ बोलायला कधी शिकवलंच नाहीस, आणि ते शब्द मी आजही मागे घेत नाही. मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या दिवशी तू आतून काहीतरी उत्तर दिलं होतंस आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. मला ते ऐकू आलं नाही. पुन्हा विचारू म्हटलं. तू काय म्हणालीस, आत्या?

तेराव्यानंतर निलेशदादाने शीड कारखान्यातून बाहेर काढलं. आता मूर्ती टेम्पो भरभरून बाहेरगावी जायच्या आहेत, वरून झाकायला प्लास्टिक लागतं, आणि शिडाच्या मधलं प्लास्टिक जाड, आरपार दिसणारं. त्याच्या हातात कात्री होती. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"हे कापायचं नाही."

"मंग काय करू? पूजा करू?" तो म्हणाला. मग त्याने कात्री खाली केली. "सुषे, ते कोपऱ्यात फुगून उभं असतं ना, मला वाटतं आईच उभी हाय. काम व्हत नाय माझ्याच्यानं. तू चालवनार असशील तर ने. नायतर मी कापतो."

बाबा तिथेच खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "कापू दे त्याला. पाण्याचं बास झालं आता. दोघींमधली एक गेली."

म्हणजे बघ, कशी अडकवलीस मला. शीड नेलं नाही तर ते गणपतीवर जाणार, आणि दुसरं शीड माझ्याकडे नाही, तेव्हा माझी खाडीही त्याच दिवशी संपणार. आणि नेलं तर जन्मभराचं भांडण मी हरणार. वर सगळे म्हणणार, बघा, आत्याची इच्छा पुरी केली पोरीने. मला कुणाची इच्छा पुरी करायची नव्हती. मला माझ्या वजनाचं, माझ्या बोर्डाचं, वळणारं शीड हवं होतं. मी तुझ्या मशीनजवळ जाऊन बसले. सुईखाली अजून तुझी झालर अडकलेली होती, निम्मी शिवलेली. ती काढायची कुणाची छाती झाली नव्हती. ती बघून मी रडले, चांगली हमसून रडले, आणि रडता रडता तुझा राग आला. एवढी वर्षं तू कापडं बेतलीस. मांडव अंगणात मावत नसेल तर तू अंगण रुंद केलंस का? बाई बारीक झाली तर ब्लाउज आवळलास, का बाईला खाऊ घातलंस? सगळ्या गावाला तू मापाने शिवून दिलंस. फक्त मलाच मिठाची गोणी बांधलीस.

मी उठले आणि दादाच्या हातातली कात्री घेतली.

"मी नेते. पण कापून नेते. माझ्या मापाचं करून."

"आईचं शीड कापायचं?"

"तू कापणारच होतास की."

"मी गनपतीसाठी कापनार व्हतो!"

"मी माझ्यासाठी कापणार आहे."

तो म्हणाला, "अगदी तिच्यावानी बोलतेस," आणि शिडाचं दुसरं टोक धरून पडवीभर ताणून उभा राहिला.

मी तुझ्याच खडूने रेघ मारली. आधी कमानी काढून टाकल्या. खालून एक पट्टा जायचा होता, मागच्या कडेने एक. खालचा कापला, काही वाटलं नाही. मागची रेघ पाचाच्या मापाने मारली आणि बघते तर तुझं ठिगळ रेघेच्या बाहेर. झालर, दुहेरी शिवण, सगळंच कात्रीखाली जात होतं. मी रेघ पुसली, पुन्हा मोजलं. पुन्हा तिथेच आली. बाबा खुर्चीवरून उठून जवळ आले, त्या झालरीवरून एकदा बोट फिरवलं आणि पुन्हा जाऊन बसले. शेवटी मी रेघ ठिगळाच्या बाहेरून नेली. कडेला दुमड घातली, तुझ्यासारखीच दुहेरी शिवण, वर वाकडी शिवण. तुझी अर्धवट झालर मी मशीनवरून काढली नाही. ती आधी पुरी शिवली आणि मग शीड सुईखाली घेतलं. टोकाची रिंग तुझ्या मांडवाच्या रिंगा ठोकायच्या हातोडीने ठोकली. खालचा उरलेला पट्टा दादाने एका मूर्तीवर घालून बघितला. बेताचा बसला.

काल दुपारी भरतीला मी बांधावर आले. वारा पश्चिमेचा, तिवरं वाकलेली. उघाडीपाशी दोन-चार बायका होत्या. एकजण म्हणाली, "वरीस तरी जाऊ द्यायचं गो, पोरी." मी म्हटलं, "वारा आज आहे, मावशी." बाबाही आले होते. लांब उभे होते, पण आले होते.

शीड चांगलं नाही झालं, आत्या. मागची कड फडफडते, पोटाला एक सुरकुती आहे. तू असतीस तर उसवून पुन्हा शिवायला लावलं असतंस. आणि ते मला थोडं जडच जातं. पाचाच्या शिडावर मी उभी राहायचे, ह्याच्यावर रेलावं लागतं, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदाही पडले. बांधावरच्या हसल्या. मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले आणि चढले. मग वारा भरला, पोटात भरला, आणि आम्ही निघालो. डोळ्यांच्या कोपऱ्यात सारखं काहीतरी भगवं हलत होतं, ती तुझी वरात. तिवरांपाशी पोचले आणि उतरले नाही. शीड ह्या हातातून त्या हातात टाकलं, पाय बदलले, झालर डोक्यावरून गेली, आणि बोर्ड वळला. न थांबता वळला. तुझ्या शिडावर, तुला जन्मात जमलं नाही ते.

काठावर आल्यावर मी ते मोजलं. मागितलं होतं पाच, भरलं साडेपाच. तेव्हा ऐक, अर्धा मीटर तुझा. त्याच्यावर एक बोट देणार नाही. भांडायचं असेल तर ये.